घरातले काम आणि गाडीतला डबा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने कबुलीजबाबाने सुरुवात करावी, हे काहीसे विचित्र वाटेल. परंतु माझ्या नोकरीचे अखेरचे वर्ष टाळेबंदीत, घराच्या एका कोपऱ्यातून शिकवण्यात गेले आणि त्या वर्षी मला सर्वांत अधिक चुकल्याचुकल्यासारखे झाले ते डोंबिवलीच्या सात बेचाळीसच्या जलद गाडीवाचून. जिला तीस वर्षे शिव्या दिल्या तिचीच आठवण यावी, याचे मलाच नवल वाटले. त्या नवलाचा विचार आज आपल्यासमोर मांडतो.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. लोकलचा प्रवास रम्य होता, असे मी म्हणणार नाही. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर वर्षाकाठी दोन हजारांहून अधिक माणसे प्राण गमावतात. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लोंबकळणारे प्रवासी पडून मेले. ती आमच्याच मार्गावरची माणसे होती. कामाच्या ठिकाणाजवळ घर परवडत नाही, म्हणून नोकरदार दूर राहतो आणि त्या अंतराची किंमत स्वतःच्या देहाने भरतो. कामावर जाता-येता झालेला अपघात काही अटींवर नोकरीतलाच मानावा, अशी दुरुस्ती कर्मचारी राज्य विमा कायद्यात २०१० साली झाली. त्या प्रवासाचा वेळ मात्र मालकाने नोकरीतला म्हणून कधीच मानला नाही.

मार्च २०२०मध्ये गाड्या थांबल्या. १५ जूनपासून त्या पुन्हा धावू लागल्या, त्या केवळ अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. परिचारिका आणि सफाई कामगार त्यांतून कामावर जात राहिले. घरकाम करणाऱ्या बाईला ना गाडी होती, ना घरी बसून करता येणारे काम. आम्हा पांढरपेशांचे मात्र रोजचे दोन-तीन तास वाचले. ते गेले कोठे? सकाळी आठला पहिला तास आणि रात्री दहाला वरिष्ठांचा निरोप, असा माझा दिवस झाला. खुर्ची माझी, वीज माझी, जागाही माझी. कचेरीचा खर्च नकळत नोकराच्या घरात सरकला.

यात नवे काही नाही. व्यापाऱ्याने सूत द्यावे आणि विणकराने ते आपल्या झोपडीत विणावे, ही पद्धत कारखान्यांहून जुनी आहे. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या पाने-तंबाखू घरी आणून विड्या वळत आल्या. त्यांनाही कामगार म्हणावे, हे मान्य व्हायला १९६६चा कायदा यावा लागला. घरात बसलेला श्रमिक ना कायद्याला दिसतो, ना शेजारच्या श्रमिकाला.

आता सात बेचाळीसच्या डब्याकडे येतो. आमच्या डब्यात बँकेतले, विम्यातले, खासगी पेढ्यांतले, असे सारे होते. चौथ्या सीटवर अर्धवट टेकता टेकता कोणाला किती महागाई भत्ता मिळाला, कोणाची बढती अडली, कोठे कंत्राटी भरती सुरू झाली, हे कळत असे. पलीकडे भजन चाले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डबा सजवून पूजा होई. बायकांच्या डब्यात भाजी निवडली जाई, पण कित्येकींना तो एकच तास असा होता की, जेव्हा त्यांच्यावर ना सासूची नजर होती, ना साहेबाची. जागेवरून दादागिरी होई, पहिल्या वर्गाची भिंत होती, हेही मी विसरलेलो नाही. तरीही तेथे माणूस आपले दुःख इतरांच्या दुःखाशी ताडून पाहू शके.

आमच्या गटातल्या एका कारकुनाचा पगार टाळेबंदीत एका पत्राने तीस टक्क्यांनी कापला गेला. त्याने ही गोष्ट कोणालाच सांगितली नाही. आपण कामात कमी पडलो असेल, असे तो समजत राहिला. आठ महिन्यांनी त्याला कळले की, त्याच्या कचेरीतल्या सर्वांचाच पगार कापला गेला होता. गाडी चालू असती, तर ही बातमी ठाणे येण्याआधीच फुटली असती! मला काय चुकल्यासारखे वाटत होते, ते मला त्या दिवशी उमगले.

मित्रहो, सर्वांना पुन्हा गर्दीत लोटा, ही आपली मागणी असू शकत नाही. घरून काम करणे अनेकांना, विशेषतः दूरच्या उपनगरांतल्यांना, सोयीचे आहे. परंतु त्या सोयीचे नियम एकट्या मालकाने ठरवू नयेत. कामाचे तास बांधलेले असावेत. विजेचा व साधनांचा खर्च मालकाने द्यावा. कामाच्या वेळेबाहेर आलेल्या निरोपाला उत्तर न देण्याचा हक्क असावा. फ्रान्सने तो कायद्याने मान्य केला, त्याची अंमलबजावणी १ जानेवारी २०१७पासून झाली. आणि जे गाडीनेच जातात, त्यांच्यासाठी जास्त व सुरक्षित गाड्या, हीही याच लढ्यातली मागणी आहे.

यापुढची जबाबदारी आपली आहे. जो डबा आपोआप भरत होता, तो आता आपल्याला भरवावा लागेल. प्रत्येक शाखेने आपल्या भागातल्या घरून काम करणाऱ्यांना आठवड्यातून एक संध्याकाळ एकत्र बसवावे. व्याख्यान नको, चहा असावा आणि प्रत्येकाने आपल्या पगाराची गोष्ट मोकळेपणाने सांगावी. संघटनेचा आरंभ तेथूनच होतो.