नाडी, श्वास आणि शब्द



ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी आम्हांला शास्त्र शिकविले. डोळ्यांनी न पाहिलेले प्रयोगवहीत लिहावयाचे नाही, असा त्यांचा दंडक होता. पुढे बेळगाव परिसरात परिचारिका म्हणून आयुष्य घालविताना या दंडकाचे मोल मला पटत गेले. म्हणून रुग्णाच्या प्रकृतीची पारख हाच विषय मी आज निवडला आहे.

रोगाची पारख डॉक्टरांनी करावी आणि परिचारिकेने सुई टोचावी, असा एक समज आहे. परंतु डॉक्टर फेरीपुरते येतात. उशाशी रात्रंदिवस असते ती परिचारिका. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली रुग्णसेवेवर पुस्तक लिहिले, तेव्हा त्यात रुग्णनिरीक्षणासाठी स्वतंत्र प्रकरणच दिले.

पारख दोन अंगांनी होते : रुग्ण सांगतो ते आणि आपल्याला आढळते ते. आढळण्याचे मार्ग चार : पाहणे, हाताने चाचपणे, बोटांनी ठोकून नाद घेणे आणि नळीने ऐकणे. क्रम बहुधा हाच. पोट तपासताना मात्र आधी ऐकावे, मग हात लावावा. कारण दाबल्याने आतड्यांचे आवाज बदलतात. खालची पापणी ओढून पाहिली, तर रक्ताची उणीव कळते. घोट्याजवळ अंगठा दाबून खळगा राहिला, तर सूज कळते. याला यंत्र लागत नाही.

मग येतात आकडे. प्रौढ माणसाची नाडी विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०. यांपैकी श्वासाकडेच सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. तो मोजला जातो आहे हे कळले की रुग्ण वेगळाच श्वास घेऊ लागतो. म्हणून नाडी धरल्याचा बहाणा करून, छातीकडे पाहत, पूर्ण एक मिनिट मोजावा.

एका रुग्णालयात रात्रीच्या फेरीत मी तक्ते पाहत होते. ओळीने साऱ्या रुग्णांपुढे श्वासाचा आकडा एकच : २०. एका वृद्ध गृहस्थांना ताप नव्हता, रक्तदाब ठीक होता. विचारले तर म्हणाले, ‘बरा आहे.’ मात्र बोलताना दर दोन शब्दांनंतर ते थांबत होते. घड्याळ लावून मोजले. श्वास ३२ भरले. डॉक्टरांना बोलावून प्राणवायू सुरू केला. निदान न्यूमोनियाचे निघाले. उतारवयात न्यूमोनिया तापावाचूनही येतो. ते गृहस्थ बरे होऊन घरी गेले. आकडे लिहिणाऱ्या मुलीला मी दोषी मानीत नाही. सबंध वॉर्ड तिच्या एकटीवर होता. पण न मोजलेला आकडा कोऱ्या रकान्याहून घातक, हे तिला सांगणे माझे कर्तव्य होते. कोरा रकाना निदान पुढच्या पाळीला सावध करतो. खोटा आकडा तिला निश्चिंत करतो.

आता शब्दांविषयी. आपल्या भाषेत वेदनेला किती नावे आहेत! ठणका, कळ, चमक, मुरडा, जळजळ, मुंग्या. प्रत्येक शब्द वेगळी दिशा दाखवितो. या सीमाभागात मराठीत ‘छातीत जळजळ’ म्हणणारी आणि कानडीत ‘एदे उरी’ म्हणणारी खाटा शेजारीशेजारी असतात. दोघींचे म्हणणे केवळ ‘पित्त’ म्हणून झटकून टाकू नये. हृदयविकाराचा झटकाही कधी जळजळ, मळमळ किंवा नुसता थकवा या रूपाने येतो. स्त्रियांच्या आणि मधुमेही रुग्णांच्या बाबतीत हे विशेषकरून ध्यानात ठेवावे. रुग्णाचा शब्द त्याच्याच भाषेत टिपून घ्यावा. आपल्या सोयीचा शब्द त्याच्या तोंडी घालू नये.

२०२० च्या महासाथीत बोटाला लावावयाचे प्राणवायूमापक घरोघरी पोहोचले. उपकरण उपयुक्त आहे. परंतु थंड पडलेली बोटे आणि नखांवरचा रंग त्यालाही चकवितात. आकडा चांगला आणि माणूस अस्वस्थ, असे दिसले तर विश्वास माणसावर ठेवावा.

आपणांपैकी पुष्कळांच्या घरी वृद्ध मातापिता आहेत. ती सहसा ‘बरे आहे’ असेच म्हणतात. त्यांचे हे उत्तर ऐकल्यावरही मिनिटभर शेजारी बसावे, हात हाती घ्यावा आणि श्वास मोजावा, एवढीच विनंती करते.