समुद्रातील शर्यत आणि गावची विहीर

(पांढुर्णा व सौंसर भागातील शिक्षक, पंचायत पदाधिकारी व ग्रामस्थ यांच्यासाठीच्या भाषणाचा मजकूर)



पांढुर्णा आणि सौंसर येथून समुद्र फार दूर आहे. नागपूर ते मुंबई हे अंतरच रेल्वेने आठशे किलोमीटरांहून अधिक भरते. येथील माणसाचे पाण्याशी नाते आहे ते संत्र्याच्या बागेतील विहिरीशी, जाम नदीच्या पुराशी आणि कन्हानच्या डोहाशी. असे असले तरी कन्हानचे पाणी वैनगंगेला मिळते, वैनगंगेचे पाणी प्राणहितेतून गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरास मिळते. पाण्याची वाट जशी अखंड आहे तशीच पोहण्याच्या विद्येचीही आहे. विहिरीत शिकलेला हात समुद्रातही चालतो. आणि समुद्रातील शर्यतीत जी शिस्त पाळली जाते ती गावच्या विहिरीवरही प्राण वाचवू शकते. आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे.

सागरी जलतरणाच्या स्पर्धा आपल्या देशाला नव्या नाहीत. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबर महिन्यात भरणाऱ्या राज्यस्तरीय स्पर्धेत लहान मुलांसाठी थोड्या अंतराच्या आणि मोठ्यांसाठी कित्येक किलोमीटरांच्या शर्यती होतात. मुंबईच्या बंदरात संक रॉक ते गेटवे ऑफ इंडिया ही शर्यत प्रसिद्ध आहे. गुजरातेत चोरवाड ते वेरावळ ही २१ सागरी मैलांची, म्हणजे सुमारे ३९ किलोमीटरांची स्पर्धा स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या नावाने होते. पश्चिम बंगालमधील मुर्शिदाबाद जिल्ह्यात भागीरथी नदीवर तर ८१ किलोमीटरांची शर्यत भरते. नदीकाठच्या लोकांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. ऑलिंपिकमध्ये १० किलोमीटरांची खुल्या पाण्यातील शर्यत २००८ सालच्या बीजिंग येथील सामन्यांपासून समाविष्ट झाली.

तलावातील शर्यत आणि समुद्रातील शर्यत यांत मोठा भेद आहे. बांधीव तलावात तळाशी काळी रेघ असते. तिच्यावर दृष्टी ठेवली की पोहणारा सरळ जातो. दर पन्नास मीटरांवर भिंत येते. समुद्रात रेघही नाही आणि भिंतही नाही. चार-सहा हात मारले की डोके किंचित उचलून पुढील तरंगता गोळा किंवा किनाऱ्यावरील एखादी ठळक खूण पाहावी लागते. ही सवय नसलेला उत्तम जलतरणपटूसुद्धा वाकडातिकडा जाऊन पाच किलोमीटरांच्या जागी सहा किलोमीटर पोहून बसतो. खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड असल्याने शरीर थोडे अधिक तरंगते, हा लाभ खरा. परंतु तेच पाणी तोंडात गेले की घसा कोरडा पडतो, मळमळ सुटते आणि अंगाच्या घड्या सोलून निघतात. म्हणून काखा व मान यांना शर्यतीपूर्वी व्हॅसलीन चोळण्याची पद्धत आहे. शिवाय भरती-ओहोटी असते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओढ जोराची आणि अष्टमीच्या सुमारास सौम्य, हे कोळीबांधव पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. ओहोटीच्या ओढीविरुद्ध दोन हात मारणारा कितीही बलवान असला तरी जागच्या जागी राहतो. समुद्रात बळापेक्षा वेळेचे ज्ञान अधिक उपयोगी पडते.

यावरून कोणी म्हणेल की हे काम किनाऱ्यावर जन्मलेल्यांचेच आहे. या समजुतीला उत्तर आपल्याच राज्यातून मिळाले आहे. सत्येंद्रसिंह लोहिया हे भिंड जिल्ह्यातील एका खेड्याचे रहिवासी. भिंडलाही समुद्र नाही. अगदी बालवयातील आजारपणाने त्यांचे दोन्ही पाय अधू झाले. गावाजवळच्या बैसली नदीत ते पोहावयास शिकले. पुढे नियमित मार्गदर्शन मिळाले, राष्ट्रीय स्पर्धांत पदके आली, आणि जून २०१८ मध्ये भारतीय दिव्यांग जलतरणपटूंच्या चमूबरोबर त्यांनी इंग्लिश खाडी पार केली. २०१९ मध्ये त्यांनी अमेरिकेतील कॅटलिना खाडीही अशाच चमूसह पार केली. २०२४ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

चमूने खाडी पोहण्याचा नियम असा की प्रत्येकाने एक-एक तास पाण्यात उतरायचे, ठरलेला क्रम शेवटपर्यंत बदलायचा नाही. एकाला थंडीने हुडहुडी भरली म्हणून दुसऱ्याने त्याच्या जागी उतरणे चालत नाही. इंग्लिश खाडीचे पाणी उन्हाळ्यातही १५ ते १८ अंशांच्या आसपास असते. एकट्याने पोहणाऱ्यास सोबतच्या होडीला हात लावण्याची मुभा नाही. अन्नपाणी काठीने किंवा दोरीने पुढे केले जाते. याच खाडीत १९५८ साली मिहिर सेन आणि १९५९ साली आरती साहा यांनी भारताचे नाव केले. मुंबईचे तारानाथ शेणॉय यांना ऐकू येत नसे व दृष्टीही मंद होती, तरी १९८३ साली त्यांनी ती पार केली. पुण्याचे रोहन मोरे यांनी २०१८ साली जगातील सात खाड्या पूर्ण केल्या. हा मान मिळविणारे ते पहिले आशियाई जलतरणपटू होत.

या पराक्रमांच्या कथा ऐकून तरुणांचे रक्त सळसळते, हे योग्यच आहे. परंतु या कथांत एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. या सर्व जलतरणपटूंच्या शेजारी होडी होती आणि होडीत त्यांच्यावर नजर ठेवणारी माणसे होती. स्पर्धेत प्रत्येकाच्या टोपीवर व दंडावर क्रमांक असतो. पाण्यात उतरताना मोजणी होते आणि बाहेर येताना पुन्हा होते. ठरलेल्या वेळेत जो पोहोचत नाही त्याला होडीत घेतात. वारा वा लाटा वाढल्यास पंच शर्यत थांबवितात, आणि त्यात कोणी कमीपणा मानीत नाही.

हा बंदोबस्त ढिला पडला तर काय होते, याचे उदाहरण दुःखद आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील फुजैरा येथे १० किलोमीटरांची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. पाणी अतिशय उष्ण होते. अमेरिकेचा फ्रॅन क्रिपेन हा सव्वीस वर्षांचा नामांकित जलतरणपटू शेवटच्या टप्प्यात पाण्याखाली गेला आणि ते वेळीच कोणाच्या ध्यानी आले नाही. तो परतला नाही हे प्रथम त्याच्या सहस्पर्धकांना उमगले. तोवर उशीर झाला होता. या घटनेनंतर पाण्याच्या तापमानाची मर्यादा व सुरक्षेचे नियम कडक करण्यात आले. जगातील उत्तम पोहणारासुद्धा बुडू शकतो, हा त्यातील धडा आहे.

आता दृष्टी समुद्रावरून गावाकडे वळवू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली. यांतील फार मोठा भाग स्पर्धकांचा नव्हे, तर घराजवळच्या पाण्यात गेलेल्या सामान्य माणसांचा व मुलांचा असतो. उन्हाळ्याच्या सुटीत मुले दुपारी विहिरीवर जातात. पोळ्याला बैल धुण्यासाठी नदी-तळ्यावर गर्दी होते, आणि तेव्हा पावसाचे पाणी भरलेले असते. विसर्जनाच्या दिवशी काठावर माणसे पुष्कळ असतात, परंतु पाण्यात कोण उतरला आणि कोण वर आला, याची मोजणी कोणी करीत नाही.

समुद्रातील शर्यतीचे चार नियम या ठिकाणी जसेच्या तसे लागू करता येतील. एकट्याने पाण्यात उतरू नये. उतरणाऱ्यांची मोजणी जाताना व येताना करावी. काठावर एक जाणता माणूस न पोहता केवळ पाहण्यासाठी बसवावा. पूर असेल तर पोहणे थांबवावे, मग कोणी कितीही पैज लावो. यासाठी पैसा लागत नाही. पंचायतीचा ठराव आणि शिक्षकांचे लक्ष पुरेसे आहे. विहिरीला कठडा बांधणे, तेथे एक लांब दोर व हवा भरलेली ट्यूब टांगून ठेवणे, हाही फार मोठा खर्च नव्हे.

कोणी बुडताना दिसला तर पोहण्यात तरबेज नसलेल्याने उडी घेऊ नये. बुडणारा मिठी मारतो आणि दोघेही जातात. काठावरून दोर, बांबू, धोतर वा लुगडे फेकावे. बाहेर काढलेल्या माणसाचे पोट दाबण्यात किंवा त्याला उलटे धरण्यात वेळ दवडू नये. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास द्यावा, छातीवर दाब द्यावा आणि तत्काळ १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. ही कृती प्रशिक्षित माणसाकडून शिकून घेतलेली असावी. आरोग्य केंद्राच्या सहकार्याने शाळेत तिचे प्रात्यक्षिक ठेवता येईल.

पूर्वी वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचा ओंडका पाठीला बांधून वडीलधारी माणसे मुलांना विहिरीत पोहावयास शिकवीत. ती विद्या मुलींपर्यंत क्वचितच पोहोचली. पांढुर्णा हा २०२३ साली स्वतंत्र जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याने मुलगे व मुली दोघांनाही पोहणे शिकविण्याची चांगली प्रथा आरंभापासून पाडावी. त्यांतील एखादे मूल उद्या मालवणच्या किनाऱ्यावर टोपीवर क्रमांक लावून उभे राहील, तर तो आनंदाचा दिवस ठरेल. मात्र विहिरीवर गेलेले प्रत्येक मूल संध्याकाळी घरी परतले पाहिजे, हे काम त्याच्याही आधीचे आहे. ते प्रत्येक गावाने या उन्हाळ्यापूर्वी हाती घ्यावे, एवढीच विनंती.