घरातले काम आणि कामाचे तास

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



मार्च 2020 च्या टाळेबंदीत संगणक-उद्योगातील लक्षावधी नोकरदारांचे कार्यालय त्यांच्या घरात आले, आणि त्यापाठोपाठ ‘लवचीक वेळ’ हा शब्दही आला. काम पुरे झाल्याशी मतलब, ते केव्हा केले याची विचारणा नाही, असे या व्यवस्थेचे वर्णन केले जाते. पुण्या-मुंबईच्या तरुण नोकरदाराला ही कल्पना नवी वाटते. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रीला ती नवी वाटणार नाही.

तेंदूपत्ता आणि तंबाखू कारखान्यातून आणावयाचा, विड्या घरी वळावयाच्या आणि हजारी दराने मोजून द्यावयाच्या, ही पद्धत तिच्या आईच्याही काळची. तिच्यावर भोंग्याचा जुलूम नाही. स्वयंपाक, मूल, पाणी यांच्या मधल्या वेळात ती सूप मांडीवर घेऊन बसते. पण हजाराचा आकडा भरेपर्यंत तिला उठता येत नाही, आणि शाळेतून आलेली मुलगीही शेजारी बसून दोरा बांधू लागते. तिच्या दिवसाचे तास कोणी मोजलेले नाहीत.

1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्यांनाही कामगार मानले. ही मोठीच कमाई होती. 1974 साली सर्वोच्च न्यायालयानेही तो कायदा वैध ठरविला. मात्र दिवसाला 9 व आठवड्याला 48 तासांची मर्यादा त्याने ‘औद्योगिक जागे’पुरती घातली, आणि त्या जागेच्या व्याख्येतून राहते घर वगळले. तासांचा कायदा उंबरठ्यापाशी थांबला. याचा अर्थ मालकांनी चटकन ओळखला. कारखान्यातले काम घटवून ते घरोघर वाटण्याचा ओघ त्यानंतर वाढला.

संगणकावर काम करणाऱ्याची मिळकत आणि सामाजिक स्थान अर्थातच निराळे. दोघांचे कष्ट एका मापाने मोजणे विडी कामगारावर अन्यायाचे होईल. साम्य आहे ते त्या उंबरठ्याचे. अमेरिकेतील गिऱ्हाइकाची सकाळ म्हणजे इथली संध्याकाळ. दिवसभर ‘लवचीक’ राहिलेला नोकरदार रात्री साडेनऊच्या बैठकीला हजर असतो, आणि सकाळी इथल्या वरिष्ठाचा निरोप येतोच. वेळ वाकते खरी, ती वाकविणारा हात मात्र त्याचा नसतो.

म्हणून सर्वांना पुन्हा दहा ते सहा खुर्चीत बसवावे, हा उपाय आंधळेपणाचा ठरेल. लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेले माणूस घरी असलेल्या कित्येक स्त्रियांची नोकरी या सवलतीमुळेच टिकली आहे. वेळ निवडण्याचा हक्क राहावा. पण एकूण तासांना कमाल मर्यादा, जादा तासांची नोंद व मोबदला, आणि ठरल्या वेळेनंतर उत्तर न देणाऱ्यास संरक्षण, या मागण्या त्याच्या जोडीने आल्या पाहिजेत. फ्रान्समध्ये 2017 पासून मोठ्या आस्थापनांना या प्रश्नावर संघटनांशी वाटाघाटी कराव्या लागतात. पोर्तुगालने 2021 साली कामाच्या वेळेबाहेर संपर्क न साधण्याचे बंधन मालकावर घातले. भारतात 2018 साली सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत मांडलेले खासगी विधेयक मंजूर झाले नाही.

संघटनेची अडचण याहून मोठी आहे. गिरणीची पाळी सुटताना फाटकावर सभा घेता येत असे. घरबसल्या नोकरदाराला फाटकच नाही. सोलापुरात विडी कामगारांना गाठण्यासाठी कार्यकर्ते वस्त्यावस्त्यांतून हिंडले. संगणक-उद्योगातील संघटकाला ती वस्ती कोठे आहे, हेच आधी शोधावे लागणार आहे.