कीबोर्ड सापडत नाही!



रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला किनाऱ्याच्या रस्त्यानं जाताना आरे-वारेला थांबला नाही, असा माणूस विरळा. खाली समुद्र, कडेला सुरूचं बन आणि अंगावर येणारा भन्नाट वारा. पाहुण्याला सुखावणारा हाच वारा इथल्या घरांतले खिळे खातो, कड्या-कोयंडे खातो. आता त्याला संगणकाचीही चटक लागली आहे.

संगणक सुरू करावा, पंख्याची घरघर ऐकू यावी आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत ओळ उमटावी : कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. आता कीबोर्डच नाही, तर एफ-वन दाबायचा कशानं? या विनोदावर जगभर हसून झालं आहे. पण कचेरीत दाखल्यासाठी माणसं खोळंबलेली असतात किंवा घरात मुलीच्या प्रवेशअर्जाचा शेवटचा दिवस असतो, तेव्हा हसू येत नाही. मग कुणी जाणकार सांगतो, ‘विंडोज गेली. फॉरमॅट मारायला हवा.’ माझं आजचं बोलणं या एका वाक्याविरुद्ध आहे.

वीज मिळाली की संगणक आधी स्वतःची तपासणी करतो. मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये बायोस नावाचा छोटा प्रोग्राम असतो. तो शाळेतल्या मास्तरांसारखा मेमरी, पडदा, कीबोर्ड यांची हजेरी घेतो. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीतही ही सोय होती. कीबोर्डमध्ये बिघाड असला की पडद्यावर ३०१ हा आकडा यायचा. हार्ड डिस्कवरची विंडोज उघडण्याचं काम या हजेरीनंतरचं. म्हणजे कीबोर्डची गैरहजेरी लागते, तेव्हा विंडोज अजून झोपेतून उठलेलीही नसते. तुमचे हिशेब, लग्नाचे फोटो, कवितांच्या फायली यांचा यात काय गुन्हा? फॉरमॅट म्हणजे त्यांनाच फाशी. आणि एवढं करूनही दुसऱ्या दिवशी तीच ओळ पुन्हा हजर!

तेव्हा तपास बाहेरून आत करावा. सुरू होताना कीबोर्डवरचे बारीक दिवे क्षणभर लुकलुकतात का, ते पाहा. नसतील लुकलुकत, तर वीज तिथवर पोचतच नसावी. संगणक पूर्ण बंद करा आणि पिन काढून पाहा. गोल पिनेचा कीबोर्ड असेल, तर तिच्या आतल्या सहा काड्यांपैकी एखादी वाकलेली असते. बहुतेक ठिकाणी तिची जागा जांभळी असते. शेजारची हिरवी माउसची. ही गोल पिन चालू संगणकात काढू-घालू नये. चपटी यूएसबी पिन असेल, तर ती मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डवरच्या खाचेत लावून पाहा. बिनतारी कीबोर्ड असेल, तर आधी सेल बदला.

मग शेजाऱ्याचा कीबोर्ड मागून आणा. तो चालला, तर दोष आपल्या कीबोर्डचा. एखादी कळ दाबली जाऊन अडकली असली, तरी हजेरीत गोंधळ होतो. शेजाऱ्याचाही चालला नाही, तर दोष खाचेचा किंवा बायोसच्या मांडणीचा. यूएसबी कीबोर्डला सुरुवातीपासून ओळखायचं की नाही, हे तिथं ठरवलेलं असतं. मदरबोर्डवरचा रुपयाएवढा गोल सेल संपत आला, की ही मांडणी विस्कटते. रोज तारीख-वेळ चुकत असेल, तर त्या सेलवर संशय घ्यावा. तो स्वस्तात मिळतो.

आपल्या किनाऱ्यावर मात्र पहिला संशय खाऱ्या वाऱ्यावर. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तसंच खाचेत बसलेल्या क्षारांनाही सुटतं. ते ओलं मीठ तांब्या-पितळेवर हिरवट पूट चढवतं आणि वीज अडते. विजेची वायर काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या मऊ ब्रशानं खाच पुसावी आणि पूर्ण वाळू द्यावी. रॉकेल नको, अत्तर तर नकोच!

कीबोर्ड चालतो, पण मराठी उमटत नाही, ही तक्रार मात्र वेगळी. टाइपरायटरची कळ थेट अक्षराच्या खिळ्याला जोडलेली असायची. संगणकाची कळ फक्त एक आकडा पाठवते. इन्स्क्रिप्टमध्ये ‘क’ आणि इंग्रजी ‘के’ एकाच कळीवर आहेत. दोहोंपैकी कोणतं अक्षर काढायचं, हे विंडोज जागी झाल्यावर ठरतं. तिथं भाषेची निवड तपासावी. पिना उपटू नयेत. आणि सुरुवातीला चालणारा कीबोर्ड विंडोजमध्ये गेल्यावर मुका होत असेल, तर दोष बहुधा ड्रायव्हरचा. त्यालाही फॉरमॅट हा पहिला उपाय नव्हे.

दुरुस्तीवाल्याला दोन प्रश्न जरूर विचारा : दुसरा कीबोर्ड लावून पाहिलात का? आणि डिस्कवरच्या फायलींची प्रत काढलीत का? नवा कीबोर्ड काही शे रुपयांत बाजारात मिळतो. आपल्या हातानं लिहिलेलं एकदा पुसलं गेलं, की ते कुठल्या बाजारात शोधायचं?