दोन खिळे आणि एक ठराव



मुरगूडच्या या सभेचे अध्यक्षपद एकदाच मिळते. ते मिळाल्यावर गोड बोलून नारळ-शाल घेऊन घरी जाणे प्रस्तुत अध्यक्षांच्या स्वभावात नाही.

व्यासपीठामागची भिंत पाहा. ताराराणी आहेत, राजर्षी शाहू आहेत. सातारचे थोरले शाहू मात्र नाहीत. त्यांची तसबीर अध्यक्षांनी मागितली होती. उत्तर आले, ‘सातारच्या गादीचं हितं काय काम?’ हे उत्तर अध्यक्ष आजवर किती समित्यांकडून ऐकत आले आहेत! सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांमधला वारणेचा तह १३ एप्रिल १७३१ ला झाला, ही बातमी काही समित्यांपर्यंत अजून पोहोचलेली दिसत नाही.

भांडण खरेच होते, ते कोण नाकारतो? १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या छावणीतून सुटून आले, तेव्हा ताराराणींनी, म्हणजेच ताराबाईंनी, त्यांना तोतया ठरवले. खेडच्या लढाईत ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंकडे गेले आणि पारडे फिरले. पण ताराबाईंना पहिल्यांदा कैदेत टाकले कोणी? सातारकरांनी? छे! १७१४ मध्ये पन्हाळ्यावर, घरातल्याच राजसबाईंच्या पक्षाने. आणि तहानंतर ताराबाई राहायला गेल्या त्या याच शाहूंच्या साताऱ्याला. कोल्हापूरचा अभिमान ज्यांच्या जिभेवर नाचतो, त्यांनी हे पान चिकटवून टाकले आहे.

संगम माहुलीला एकदा जाऊन या. कृष्णा-वेण्णेच्या काठी शाहूंची समाधी आहे, ताराबाईंचीही तिथेच. शाहूंच्या खंड्या नावाच्या कुत्र्याचीसुद्धा आहे! त्या दगडी कुत्र्यापाशी लोक हौसेने उभे राहतात. औरंगजेबाशी सात वर्षे झुंजलेल्या राणीच्या समाधीवर मात्र पुराचा गाळ बसत आला. अध्यक्ष तरुणपणी तिथे गेले, तेव्हा ती दाखवायला कुणी भेटेना. शेवटी गुरे राखणाऱ्या पोराने काठी चिखलाकडे रोखली. ताराराणीच्या नावाने घसा कोरडा करणाऱ्यांपैकी किती जणांनी तिथे फावडे धरले, हे विचारले की सभागृहातले काही फेटे खाली झुकतात. आत्ताही झुकले.

दोन्ही बाजूंना मान देणे मुरगूडला शिकवायला बाहेरचा अध्यक्ष लागू नये. गाव ज्या तलावाचे पाणी पिते, त्याला सर पिराजीरावांचे नाव आहे. कागलचे जहागीरदार, राजर्षींचे धाकटे बंधू. ‘सर’ ही पदवी इंग्रजांची. आणि याच गावचे तुकाराम भारमल १३ डिसेंबर १९४२ ला गारगोटीच्या कचेरीवर चालून गेले व हुतात्मा झाले. त्या दिवशी गारगोटीत सात जण पडले. तलावाचे पाणी पिऊन हुतात्म्याला हार घालताना गावात कुणाला ठसका लागलेला नाही. ‘गट कुठला?’ हे विचारल्याशिवाय ज्या तालुक्यात चहा पुढे येत नाही, तिथली ही गोष्ट आहे. गावच्या वाचनालयाच्या मंडळींनी दोघांचीही कागदपत्रे एकाच कपाटात जपावीत. तेवढी समज त्यांना आहे, म्हणून त्यांना आजच्या बोलण्यातून वगळले आहे.

तेव्हा आभारप्रदर्शनाआधी कार्यवाहांनी ठराव वाचावा : पुढच्या वर्षी ताराराणींच्या खिळ्याशेजारी दुसऱ्या खिळ्यावर थोरल्या शाहूंची तसबीर लागेल, आणि पुराचे पाणी ओसरल्यावर मुरगुडातून एक गाडी फावडी घेऊन माहुलीला जाईल. सूचक म्हणून अध्यक्षांचे नाव लिहा. अनुमोदनाला कोण उठतो, ते सगळ्यांसमक्ष पाहू.