टर्बोचा दाब जातो कुठे?



मालगुंडच्या किनाऱ्यावर हवेचा दाब साधारण 1010 मिलिबार असतो, पावसाळ्यात थोडा कमी. आंबा घाट चढून गेलं की तो 940 च्या आसपास येतो, आणि महाबळेश्वरला 860 ते 870. आकडे भूगोलाच्या पुस्तकातले वाटतात खरे. पण जुन्या टर्बो गाडीचा पिकअप का गेला, हे शोधायची पहिली पायरी हीच, आणि तिला एक पैसा लागत नाही.

आधी गाडीबद्दल. स्कोडाचं उत्पादन 2001 साली औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्र्याला सुरू झालं. 2004 च्या सुमारास ऑक्टेविया आरएस भारतात आली आणि पेट्रोल टर्बोची चव इथल्या हौशी चालकांना लागली. 1781 सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, प्रत्येकाला पाच व्हॉल्व्ह आणि 150 अश्वशक्ती. युरोपातल्या आरएसला 180 होती, हे इथले चाहते आजही जरा चुटपुटत सांगतात. पुढे पुण्याजवळच्या रांजणगावातून फियाटच्या टर्बो पेट्रोल गाड्या निघाल्या. त्यातली 2015 ची अबार्थ पुंटो 145 अश्वशक्तीची. या सगळ्या गाड्यांचं वय झालं. काही हात बदलत गेल्या, काही गावच्या घरी कव्हर घालून उभ्या राहिल्या, गणपती आणि मे महिन्यापुरत्या चालू लागल्या. गणपतीपुळ्याहून मालगुंडकडे येणाऱ्या रस्त्यावर सुट्टीच्या दिवसांत अशी एखादी आरएस दिसली, तर तिच्याकडे वळून बघणारे लोक अजून आहेत.

टर्बोचं काम सोपं आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. हा दांडा मिनिटाला लाख-दीड लाख फेरे मारतो. कल्पना आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याची. त्याचं पेटंट 1905 सालचं. प्रवासी गाडीत टर्बो आला तो अमेरिकेत 1962 साली. तिथल्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीत भरावं लागे. ते भरायचा मालकांना कंटाळा येई, आणि पुढे अनेकांनी टर्बोच काढून टाकला.

आरएसचा टर्बो हवेच्या नेहमीच्या दाबावर साधारण अर्धा बार चढवतो. इथेच एक गोंधळ होतो. डॅशबोर्डवर वेगळं मीटर बसवलं असेल तर ते नुसता चढलेला दाब दाखवतं, म्हणजे 0.5. गॅरेजमधलं स्कॅनर मात्र एकूण दाब दाखवतं: मालगुंडचे 1010 आणि वर टर्बोचे 500, मिळून 1500 च्या आसपास. दोन्ही बरोबर. तरी ‘एक म्हणतो अर्धा, दुसरा म्हणतो दीड, म्हणजे टर्बोत गडबड’ असा निष्कर्ष काढणारे भेटतात.

आता ती फुकटातली पायरी. किल्ली फिरवायची, इंजिन चालू करायचं नाही. स्कॅनरवर दाबाच्या सेन्सरचा आकडा बघायचा. समुद्रकाठी तो 1000 ते 1015 मध्ये हवा. तो 860 दाखवत असेल, तर गाडीच्या समजुतीने ती महाबळेश्वरला उभी आहे! मग सेन्सर बिघडला, किंवा त्याच्या वायरचा जोड खाऱ्या दमट हवेने हिरवा पडला. जोड साफ करून आकडा पुन्हा बघावा. हे न करता पुढची कितीही खटपट केली, तरी ती खोट्या आकड्यावर उभी राहते.

गॅरेजमध्ये मात्र पहिलं वाक्य ऐकू येतं ते ‘टर्बो बसला’. टर्बो काढला की दांडा बोटाने हलवून दाखवतात, ‘बघा, प्ले आहे.’ प्ले असतोच. दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तेल नसताना तो आडवा थोडा हलणारच. पुढे-मागे सरकत असेल, किंवा चक्राची पाती घराला घासल्याच्या खुणा असतील, तर टर्बो खरोखर गेला. सायलेन्सरमधून निळा धूर आणि पाइपात तेलाचं थारोळं असेल, तरीही संशय घ्यावा. नुसता पिकअप गेला, तर सगळ्यात महागड्या भागापासून सुरुवात करणं हा मालकाच्या खिशावर अन्याय आहे.

कारण दाब बहुतेक वेळा टर्बोत हरवत नाही, टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या वाटेत हरवतो. त्या वाटेवर रबरी होज आहेत, क्लिपा आहेत, इंटरकूलर आहे, आणि बोटाएवढ्या जाड-बारीक व्हॅक्यूमच्या नळ्यांचं जाळं आहे. या इंजिनात इनटेक मॅनिफोल्डच्या खाली दडलेल्या नळ्या तर वीस वर्षांच्या उष्णतेने बिस्किटासारख्या होतात, हात लावला की तुकडा पडतो. कोकणात आणखी दोन शत्रू. खाऱ्या वाऱ्याने क्लिपा गंजून सैल पडतात. आणि उंदीर. चार महिने मांगरात उभ्या गाडीचं बॉनेट उघडल्यावर कुरतडलेली नळी सापडणं यात नवल काहीच नाही.

गळती कुठे आहे, हे गाडी स्वतःच थोडंफार सांगते. हवा किती आत आली, हे मोजणारा सेन्सर एअर फिल्टरपाशी असतो आणि त्या मापावर पेट्रोल सोडलं जातं. थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डपाशी नळी फाटली, तर गाडी उभी असताना तिथून न मोजलेली हवा आत ओढली जाते. इंजिन लडखडतं, पेट्रोल कमी पडतं. तीच गाडी आरे-वारेचा चढ घेताना त्याच भोकातून मोजलेली हवा बाहेर फेकते. पेट्रोल जास्त होतं, मागे काळा धूर दिसतो. भोक एक आणि तक्रारी दोन अगदी उलट. टर्बो आणि थ्रॉटल यांच्या मधला मोठा होज फाटला असेल, तर उभ्या गाडीत काही कळत नाही. ॲक्सिलरेटर दाबल्यावर फुस्स आवाज येतो, आणि आरएसच्या बाबतीत स्कॅनरवर 17705 हा कोड येतो. टर्बो ते थ्रॉटल या वाटेत दाब पडतोय, असा त्याचा अर्थ. टर्बो बदला, असं तो कुठेही म्हणत नाही.

खात्री करायची रीत पंक्चरवाल्याच्या दुकानातही जमते. टर्बोच्या तोंडाशी हवा ओढणारा होज काढायचा. त्या तोंडाच्या मापाचं प्लॅस्टिकचं झाकण घ्यायचं, त्याला भोक पाडून टायरचा व्हॉल्व्ह बसवायचा आणि झाकण क्लिपने घट्ट आवळायचं. मग इंजिन बंद ठेवून हळूहळू हवा भरायची, अर्धा बारपर्यंत, त्याहून जास्त नाही. टायरचा दाब इथे लावला तर सील उडतील. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारायचं. फेस आला, तिथे गळती. दाब हळूहळू उतरणारच, कारण उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून थोडी हवा इंजिनातून निसटते. भरताक्षणी उतरत असेल, तर कान लावायचा. होजच्या पोटाखालची चीर डोळ्याला दिसत नाही. तळहात फिरवला की वारा लागतो.

पुढची जागा डायव्हर्टर व्हॉल्व्हची. पाय ॲक्सिलरेटरवरून काढल्यावर अडकलेली हवा टर्बोच्या मागे परत सोडणारा हा मुठीएवढा भाग. आतला रबरी पडदा फाटला की तो ऐन चढावरही हवा परत सोडत राहतो. तो काढून हातात घ्यावा, आतला दट्ट्या बोटाने वर ढकलावा, वरच्या बारीक नळीचं तोंड अंगठ्याने बंद करावं आणि बोट सोडावं. दट्ट्या वरच राहिला तर पडदा शाबूत. लगेच खाली आला तर पडदा फाटला. दहा सेकंदांचं काम.

एवढं करूनही दाब चढत नसेल तर वेस्टगेट. दाब मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून धुराला टर्बोच्या बाजूने वाट देणारं हे छोटं दार. त्याला उघडणारी काठी किनाऱ्यावर गंजते. दार उघडं अडकलं तर दाब येतच नाही. बंद अडकलं तर वारेमाप येतो आणि इंजिनाचा संगणक घाबरून पेट्रोल-हवा दोन्ही आवरतो. चालकाला दोन्ही वेळा वाटतं एकच, गाडी उठत नाही. हातपंपाने ॲक्च्युएटरला हवा देऊन काठी सरळ सरकते आणि परत येते का, हे बघितलं की निकाल लागतो. हे सगळं ठीक निघालं, तर सायलेन्सरच्या वाटेत तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तपासावा. धुरालाच वाट नसेल तर चक्र फिरणार कशाच्या जोरावर?

आणि समजा, टर्बो खरंच गेला. मग नवा बसवण्याआधी त्याला तेल पुरवणारी बारीक नळी बदलावी, नुसती धुऊन चालत नाही. एक्झॉस्टच्या शेजारून जाणाऱ्या त्या नळीत तेल जळून कोळसा धरतो. जुन्या टर्बोचा जीव बऱ्याचदा तिथेच गेलेला असतो, आणि नळी तीच ठेवली तर नवाही त्याच वाटेने जातो.

सुट्या भागांची काळजी मात्र आरएसला कमी. हेच 1.8 टर्बो इंजिन फोक्सवॅगन, ऑडी आणि सिआट यांच्या कितीतरी गाड्यांत होतं, त्यामुळे होज, सेन्सर, व्हॉल्व्ह अजून मिळतात. डायव्हर्टर व्हॉल्व्ह घ्यायचाच असेल, तर जाणकार ऑडी टीटीच्या जास्त ताकदीच्या इंजिनावरचा मागवतात. त्याच्या क्रमांकाच्या शेवटी 710 एन असतं. तो आरएसला कुठलाही बदल न करता बसतो, आणि त्याचा पडदा जुन्यापेक्षा जाड आहे.