घरच्या लसणाचा हिशेब

(चाकण येथें शेतकरी व कारागीर कुटुंबांपुढें केलेल्या भाषणाचा मजकूर)



परसांत लसूण किती लावावा, एवढेंच आज सांगावयाचें आहे. कोणी म्हणेल, सभेंत लसणावर काय बोलावयाचें ? पण लसणाशिवाय चटणी नाहीं, आणि चटणीशिवाय गरिबाची भाकर घशाखालीं उतरत नाहीं. रोज लागणाऱ्या वस्तूचा भाव दुसऱ्याच्या हातीं असला म्हणजे घरधनिणीची काय गत होते, तें आपण २०२४ सालीं पाहिलें. त्या वर्षाच्या आरंभीं किरकोळ बाजारांत लसूण किलोला ४०० रुपयांवर गेला. आणि दोनच वर्षें आधीं, २०२२ सालीं, मध्यप्रदेशांतल्या शेतकऱ्यांना मातीमोल भावामुळें लसूण फेकून द्यावा लागला होता. भाव पडला कीं लागवड घटते, लागवड घटली कीं भाव चढतो. पहिल्या वेळीं पिकविणारा मरतो, दुसऱ्या वेळीं विकत घेणारा मरतो. मधल्याचें काय जातें ?

चाकणच्या माणसाला हें शिकवावयास नको. येथल्या कांद्याच्या भावासाठीं शरद जोशी यांनीं शेतकऱ्यांस उभें केलें, तो १९८० सालचा लढा पुष्कळांच्या घरांत अजून सांगितला जातो. बाजाराशीं झगडावयास संघटना लागते. पण घरापुरता लसूण पिकविण्यास कोणाची परवानगी लागते ? फक्त हिशेब लागतो.

तो असा करावा. चार आठवडे, गड्डा फोडला कीं चुलीजवळच्या भिंतीवर कोळशानें एक रेघ ओढावी. महिन्यानंतर रेघा मोजाव्या. समजा १६ भरल्या, तर आठवड्याला ४ गड्डे झाले आणि वर्षाच्या ५२ आठवड्यांना २०८.

आतां निसर्गाचा नियम ध्यानांत घ्या : एका पाकळीचा एकच गड्डा होतो. म्हणून २०८ पाकळ्या लावाव्या काय ? नव्हे. दहांतली एक उगवत नाहीं किंवा मरते. काढलेल्या मालापैकीं पांचांतला एक सडतो, वाळतो किंवा कोंब काढतो. शिवाय पुढच्या वर्षाचें बियाणें ठेवावयाचें. तेव्हां ३४० पाकळ्या लावा. त्यांतून ३०६ गड्डे निघतील व साठवणींतून सुमारें २४५ हातीं राहतील. २०८ खा, ३४ बियाण्यास ठेवा. जे तीन उरतील ते शेजारणीला द्या.

पाठ करावयाचें सूत्र सोपें आहे. आठवड्याला लागणाऱ्या प्रत्येक गड्ड्यामागें ८५ पाकळ्या.

कोणी म्हणेल, “आमची जमीन कारखान्यांत गेली, आतां लावावें कोठें ?” दोन ओळींत सहा इंच व दोन पाकळ्यांत चार इंच अंतर ठेवलें म्हणजे एका चौरस फुटांत ६ पाकळ्या बसतात. ३४० पाकळ्यांना १२ फूट लांब व ५ फूट रुंद वाफा पुरतो. गुंठ्याचा हा अठरावा हिस्सा सुद्धां नव्हे ! निघोजें, म्हाळुंगें, भोसरी येथें घरामागें एवढी जागा अजून अनेकांना आहे. मात्र तेथें दिवसभर ऊन पाहिजे. सावलींत गड्डा भरत नाहीं. चाळींत राहणाऱ्यानें डब्यांत माती घालून पात तरी घ्यावी.

बियाणें आपल्या मुलखाचें घ्या. थंड डोंगराळ प्रदेशांतला मोठ्या पाकळीचा लसूण दिसावयास देखणा, पण आपल्याकडच्या लहान दिवसांत त्याचा गड्डा धरत नाहीं. आपल्या जवळच राजगुरुनगर येथें कांदा व लसूण संशोधनाची सरकारी संस्था आहे. भीमा ओंकार व भीमा पर्पल हे तिचेच वाण. एका गड्ड्यांतून बाहेरच्या दहा जाड पाकळ्या निवडा. ३४ गड्डे, म्हणजे किलोच्या आसपास बियाणें झालें. आंतल्या बारीक पाकळ्या कडेला दाट लावून त्यांची पात चटणीस कापावी.

लागवड आक्टोबरांत करा. जेथें गेल्या वर्षीं कांदा किंवा लसूण होता ती जागा टाळा. पाकळीचें टोंक वर ठेवा, पाणी तुंबूं देऊं नका. चार महिन्यांनीं पात पिवळी पडूं लागली कीं पाणी तोडा, आणि उपटल्यावर सावलींत वाळवून, जुड्या बांधून, वारा लागेल अशा जागीं टांगा.

शेवटचें सांगणें सर्वांत महत्त्वाचें आहे. माल वाळला कीं उत्तम ३४ गड्डे प्रथम वेगळे बांधा आणि ती जुडी घरांतल्या बाईच्या ताब्यांत द्या. पाहुणा आला, सण आला, भाव चढला, तरी तिला हात लावूं नये. कारण ज्यानें बियाणें खाल्लें, तो पुढच्या आक्टोबरांत पुन्हां बाजाराच्या दारांत उभा राहतो, आणि दुकानदार सांगेल तो भाव त्याला द्यावा लागतो. रेघा ओढावयास शाळा लागत नाहीं. उद्यां सकाळीं पहिला गड्डा फोडाल, तेव्हां पहिली रेघ ओढा.